चाचांच्या नावावरचे व्हिडिओ

"कुठपर्यंत आलात?" या प्रश्नाला आमच्या धंद्यात एकच उत्तर आहे. "आलोच, पाच मिनिटं." माणूस अजून घरी अंघोळ करत असला तरी पाच मिनिटं आणि टोलनाक्यावर अडकला असला तरी पाच मिनिटं. गिऱ्हाईक भर उन्हात बंद गाडीशेजारी उभं असतं, त्याला एक आकडा हवा असतो. गेली नऊ वर्षं मी सुप्यात बसून हाच आकडा वाटतोय.

चाचांना फोन केला की ते मात्र सांगायचे, "अजून निघालो न्हाई. चहा पितोय. अर्धा कप ऱ्हायलाय."

"चाचा, गिऱ्हाईक लाइनवर आहे."

"मग त्याला सांगा की अर्धा कप ऱ्हायलाय."

हे मी गिऱ्हाइकाला कसं सांगणार? मी आपलं पाच मिनिटं म्हणायचो. मग चाचा चाळीस मिनिटांनी पोचायचे आणि गिऱ्हाइकाला आपणहून सांगायचे की चहा पिऊन निघालो, वाटेत शिरूरकडच्या वळणावर गर्दी होती, म्हणून चाळीस मिनिटं लागली. शिव्या मला बसायच्या. चाचांचं खरं आणि माझं खोटं एकाच तासात एकाच माणसाच्या कानावर पडायचं, आणि मग तो मला पुन्हा फोन करायचा.

आमचं काम म्हणजे रस्त्यात अडलेल्या गाड्यांना मदत पाठवणं. गिऱ्हाइकाचा फोन लागतो कुठल्या तरी लांबच्या शहरात. तिथली कंपनी ते काम आमच्या मोबाईलवर ढकलते. आमचं केंद्र म्हणजे एमआयडीसीजवळ पत्र्याचा एक गाळा, गाडी ओढून आणायचे दोन टेम्पो आणि पाच माणसं. इकडं श्रीगोंदा आणि तिकडं मिरजगावपर्यंतचा टापू आमच्याकडं. पंक्चर, उतरलेली बॅटरी, संपलेलं डिझेल. आणि चौथं काम म्हणजे 'चावी आत'. माणूस उतरतो, दार लावतो, गाडी आपोआप लॉक होते, आणि चावी आत सीटवर पडून मालकाकडं बघत राहते. शहाणीसुरती माणसं करतात हे. डॉक्टर करतात, मास्तर करतात, एकदा तर खुद्द गाड्यांच्या शोरूमच्या मॅनेजरनं केलं होतं.

'चावी आत' आलं की चाचाच. बाकी कुणाला जमायचं नाही असं नाही, पण बाकीचे दाराच्या रबराला ओरखडे पाडायचे. चाचांनी उघडलेल्या गाडीवर बोटाचा ठसासुद्धा सापडायचा नाही. साठी उलटलेला, काडीसारखा माणूस. मे महिन्यातसुद्धा अंगात बिनबाह्यांचा लोकरीचा स्वेटर, कारण त्याला आतून चार खिसे शिवून घेतलेले. कंपनीनं दिलेलं चमकपट्ट्यांचं जाकीट ते मोटारसायकलच्या सीटवर अंथरायचे. "गाडी दिसली पायजे, मला बघून काय करायचंय?" हे त्यांचं म्हणणं.

त्यांची कामाची रीत ठरलेली होती. गेल्या गेल्या गिऱ्हाइकाला आपल्या बाटलीतलं पाणी द्यायचं आणि सावलीत बसवायचं. मग विचारायचं, "गाडीत काय काय हाय? तीन वस्तू सांगा."

आता मालक खरा की खोटा हे बघायला कंपनीचा ओटीपी असतो. मी हे चाचांना शंभरदा सांगितलं असेल. ते म्हणायचे, "ओटीपी फोन ज्याचा त्याला येतो. गाडी ज्याची त्याला आत काय हाय ते ठावं आस्तं."

एकदा महामार्गावर पुण्याचं एक जोडपं अडकलं. नवऱ्यानं सांगितलं, पाण्याची बाटली. चाचा म्हणाले, ती समद्यांच्या गाडीत आस्ती. नवरा म्हणाला, चार्जर. चाचा नुसते बघत राहिले. नवरा तापला, इंग्रजीत बोलायला लागला, मला फोन लावला. तेवढ्यात बायको म्हणाली, "मागच्या सीटखाली आमच्या मुलाचा एक बूट आहे. डावा. दिवाळीपासून तिथंच आहे." चाचा लगेच उठले. दोन मिनिटांत दार उघडलं, बूट काढला आणि त्या माणसाच्या हातात दिला. त्या कामाला आम्हाला एक चांदणी मिळाली. पाचातली एक.

तीन वस्तू जुळल्या की चाचांचं शेवटचं कलम. "आता तिकडं डोंगराकडं तोंड करा." सुप्याच्या बाजूला असलं की म्हणायचे पवनचक्क्यांकडं बघा, श्रीगोंद्याकडं असलं की उसाकडं बघा. गिऱ्हाइकानं पाठ फिरवल्याशिवाय त्यांचा हात खिशात जायचाच नाही. माणूस हळूच मान वळवून बघायला लागला की हात बाहेर.

यामागं एक शब्द होता. नगरला ज्यांच्याकडं ते कुलपाचं काम शिकले त्या उस्तादांनी शिकवायला घ्यायच्या आधीच तो घेतला होता. उघडताना कुणाला दाखवायचं नाही. दाखवायचं ते फक्त शागिर्दाला, आणि शागिर्द करायचा तो तीन वर्षं नुसता पारखून. मी एकदा वैतागून म्हणालो, "चाचा, आता मोबाईलवर पोरं सगळं बघतात. दार उघडायच्या तुमच्या त्या पट्टीत लपवण्यासारखं राहिलंय काय?"

"मोबाईलवर बघणारे बघू देत. माझ्या हातातनं न्हाई जायचं." आणि वर, "आदी इमान शिकायचं, मग हुनर. उलटं झालं की चोर हुतो."

असल्या माणसाला कोण काय सांगणार? मी सांगणं सोडून दिलं होतं. आणि मग कंपनीनं नवा नियम काढला.

'चावी आत'च्या प्रत्येक कामाचा व्हिडिओ. सुरुवातीपासून दार उघडेपर्यंत, न थांबवता, उघडणाऱ्याचे हात दिसले पाहिजेत. व्हिडिओ नाही तर काम नापास. ठरावीक नापास झाली की ताकीद, ताकिदीनंतर एक जरी झालं की आयडी बंद. आयडी म्हणजे त्या माणसाचा कंपनीतला नंबर. तो बंद झाला की काम येणं बंद. चाचांचं नगरमधलं चाव्यांचं दुकान कधीच बसलं होतं, घरी बायको अंथरुणाला खिळलेली. त्यांचं घर या एका नंबरावर चालायचं, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही.

चाचा नियमाला नाही म्हणाले नाहीत. व्हिडिओ काढायला लागले. पहिला आला त्यात साडेचार मिनिटं पवनचक्क्या. दुसऱ्यात गिऱ्हाइकाच्या चपला. तिसऱ्यात आभाळ, आणि शेवटी मागून चाचांचा आवाज, "झालं." मी डोक्याला हात लावला. म्हणालो, "चाचा, हात दिसायला पाहिजेत." पुढच्या व्हिडिओत हात दिसले. गिऱ्हाइकाचे. कमरेवर ठेवलेले.

मिरजगावच्या लग्नाचं काम याच दिवसांत आलं. नवरदेवाची फुलांनी सजवलेली गाडी मांडवासमोर लॉक झाली होती, चावी आत, मंगळसूत्राची डबी आत, आणि मुहूर्ताला पाऊण तास. त्या दिवशी मी टेम्पो घेऊन तिकडंच एका कामाला गेलो होतो, म्हणून हे सगळं डोळ्यांनी बघितलं. चाचा पोचले. नवरदेवाच्या मामांनी हात जोडले. चाचांनी पाण्याची बाटली पुढं केली आणि विचारलं, "तीन वस्तू सांगा."

मामा म्हणाले, "अहो, मंगळसूत्र हाय आत."

"एक झाली."

"नारळ."

"दोन."

मामांना पुढं सुचेना. त्यांनी नवरदेवाकडं बघितलं. नवरदेव इकडंतिकडं बघायला लागला. सासरे शेजारीच उभे. शेवटी तो चाचांच्या कानाशी गेला आणि काहीतरी पुटपुटला. चाचांनी काचेतून ड्रायव्हरच्या सीटमागं डोकावलं, मान हलवली. "बरोबर हाय. जुळलं." आणि मग अख्ख्या वऱ्हाडाकडं वळून म्हणाले, "आता समद्यांनी शाळेकडं तोंड करा."

दोनशे माणसं तरी असतील. प्रत्येकाच्या हातात मोबाईल वर केलेला. कुणीतरी हसलं, कुणी म्हणालं, येडं हाय का म्हातारं. चाचा बोनेटला टेकून उभे राहिले. घाई त्यांना नव्हतीच. घड्याळाचा काटा पुढं सरकायला लागला तसे मामा ओरडले, "अरे फिरा की लेकाच्यांनो, मुहूर्त टळंल." आणि फिरले सगळे. बँडवाले फिरले, फेटेवाले फिरले, नवरदेव फिरला, पोराला कडेवर घेतलेल्या बायका पोरासकट फिरल्या. पाठमोरं लग्न मी आयुष्यात एकदाच बघितलंय. चाचांचा हात खिशाकडं गेला आणि अर्ध्यातूनच मागं आला. त्यांनी वर बघितलं. फोटोग्राफरचा ड्रोन डोक्यावर घोंगावत होता.

"ते बी फिरवा," चाचा म्हणाले.

ड्रोन खाली उतरला तसं मीसुद्धा शाळेकडं तोंड केलं. मागं दार उघडल्याचा आवाज आला आणि मामांनी चाचांना कडकडून मिठी मारली. त्यांना जेवायचा आग्रह झाला. ते जेवले नाहीत, दोन लाडू बायकोसाठी कागदात बांधून घेतले आणि निघाले. एवढ्या मोबाइलांच्या गर्दीत आमच्या कामाचा व्हिडिओ तेवढा नव्हता. तिसऱ्या दिवशी ताकीद आली. आता एक जरी नापास झालं तर आयडी बंद.

मी ती ताकीद त्यांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "बरं."

"बरं काय? पुढच्या वेळी व्हिडिओ काढणार का नाही?"

"काढतोच की."

"हातांचा."

त्यांनी बाटलीत पाणी भरून घेतलं आणि गेले.

आता माझं सांगतो. मी काही वाईट माणूस नाही, असं मला वाटायचं. मी फक्त दमलेला होतो. सकाळी सातपासून कानाला फोन, कुणाचं ना कुणाचं ओरडणं, आणि त्यात हा एक म्हातारा आपल्या हातानं आपलं पोट मारून घेणार आणि ते मला बघावं लागणार. माझ्या मोबाईलमध्ये एक जुना व्हिडिओ होता. नव्या माणसांना शिकवायला म्हणून गाळ्यामागं काढलेला. पांढरी गाडी, दुसऱ्याच कुणाचे तरी हात, तोंड दिसत नाही, नंबरपाटी दिसत नाही, दार उघडतं. चाचांचं पुढचं काम पांढऱ्या गाडीचंच आलं. चाचांचा आयडी माझ्याच मोबाईलवरून चालायचा, त्यांना ते ॲप जमत नव्हतं. चाचांनी पाठवलेल्याच्या जागी मी तो व्हिडिओ चढवला. काम पास झालं. मी चहा मागवला.

मग हे चालूच राहिलं. आपल्याकडं बघावं ती गाडी पांढरी. दुसऱ्या रंगाची आली की मी ते काम पलीकडच्या केंद्राकडं ढकलायचो. मी चाचांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी त्याच क्षणी कंपनीला फोन लावून सांगितलं असतं, एवढं मी त्यांना ओळखत होतो. एकदा त्यांनीच विचारलं, "ताकीद मागं घेतली का वो त्यांनी?" मी म्हणालो, "हो, चालतंय आता." ते खूश झाले. म्हणाले, "बघा, खरं आसलं की समजतंय लोकांला."

जवळपास चार महिने गेले आणि कंपनीच्या पुण्यातल्या कचेरीतून तपासणीचा फोन आला. तिथल्या एका मुलीनं व्हिडिओ ओळीनं बघितले होते. तिच्या लक्षात आलं की सुप्यात, श्रीगोंद्यात, मिरजगावात, प्रत्येक ठिकाणी गाडीच्या मागच्या चाकाशी तेच तांबडं कुत्रं येतं, बसतं आणि डाव्या पायानं कान खाजवतं.

हात कुणाचे, गाडी कुठली, सगळं मी बघून घेतलं होतं. कुत्रं मी बघितलंच नव्हतं.

मोबाईलवरच चौकशी झाली. दुपारची वेळ, गाळ्यात मी आणि चाचा शेजारी शेजारी खुर्चीवर. पडद्यावर ती मुलगी. चांगली होती बिचारी, चाचांना काका म्हणत होती. तिनं सगळं समजावून सांगितलं, व्हिडिओ दाखवले. चाचा चष्मा लावून शांतपणे बघत होते. दुसऱ्या व्हिडिओला त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

ती म्हणाली, "काका, नुसता व्हिडिओ नसता तर आयडी बंद झाला असता, एवढंच. पण हे बनावट आहे. तुमच्या नावापुढं 'बनावट' असा शेरा पडेल, आणि तो बाकीच्या कंपन्यांनाही दिसतो. म्हणून मी विचारते. हे व्हिडिओ तुम्ही टाकलेत का?"

चाचांनी माझ्याकडं बघितलं. त्यात राग नव्हता. ते वाट बघत होते. मी काय करत होतो ते मला अजून स्वच्छ आठवतं. मी टेबलावरची चार्जरची वायर गुंडाळत होतो. केंद्राचा करार माझ्या नावावर, लेक नुकतीच नगरला दहावीत गेलेली, आणि तोंड उघडलं की हे सगळं जाणार. दमलो होतो म्हणून बोललो नाही असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. मी भ्यालो होतो.

शेवटी चाचा त्या मुलीला म्हणाले, "माझ्या नावावर हायेत ना? मग माझेच म्हणायचे."

बघा, तिथंही ते खोटं बोलले नाहीत. तिनं ते कबुली म्हणून लिहून घेतलं.

फोन बंद झाल्यावर चाचांनी मोटारसायकलच्या सीटवरचं जाकीट उचललं, झटकलं, घडी घातली आणि माझ्या टेबलावर ठेवलं. मला वाटलं, आता बोलतील. मला वाटत होतं त्यांनी बोलावं, चार शिव्या घालाव्यात. ते म्हणाले, "वायर तुटंल. लई पीळ देऊ नका." आणि गेले.

कुलपाच्या माणसाच्या नावाला डाग लागला की त्याचं काय होतं, हे मला हळूहळू कळत गेलं. दुसऱ्या कंपनीनं त्यांना घेतलं नाही. नगरमधल्या ज्या शोरूममधून त्यांना बोलावणं यायचं तिथून येईना. एका पतसंस्थेत कपाट अडलं की त्यांनाच हाक जायची, तिथं आता दुसराच कुणी जातो. बंद दार उघडायला माणूस बोलावताना लोक त्याच्या हाताआधी त्याचं नाव बघतात, आणि त्यांचं नाव मी घालवलं होतं.

पाच-सहा महिन्यांनी मी त्यांना शोधत गेलो. नगरच्या जुन्या बसस्टँडजवळ फुटपाथवर बसले होते. तोच स्वेटर. समोर शाळेच्या दप्तरांचा ढीग. कुलपं नाहीत, चाव्या नाहीत. दप्तरांच्या आणि प्रवासी बॅगांच्या चेनी दुरुस्त करत होते. एका चेनीवर मेणबत्ती घासत होते. मला बघून त्यांनी शेजारचं खोकं पुढं सरकवलं आणि पाण्याची बाटली दिली.

मी बसलो. बायकोची तब्येत विचारली. ते म्हणाले, हाय तशीच. मग मी घरून ठरवून आलेलं बोललो. "चाचा, मी कंपनीला खरं सांगणार आहे. सगळं लिहून काढलंय. व्हिडिओ मी टाकले होते."

ते चेन मागंपुढं करून बघत होते. "मग सांगा की."

"माझं काम जाईल."

"व्हय. जाईल."

"आणि तुम्हाला ते परत घेतीलच असं नाही."

"न्हाई घेणार. वय झालंय माझं. पर शेरा जाईल."

शेजारून बस गेली, धूळ उडाली, त्यांनी दप्तरावर फडकं टाकलं. मग पहिल्यांदाच त्यांनी मला सरळ विचारलं. "तुमी खरं सांगायचंय म्हणून आलाय, का मी नगं म्हणावं म्हणून आलाय?"

मी त्यांच्या बाटलीचं झाकण फिरवत बसलो. ते थांबले, जसे त्या चौकशीच्या दिवशी थांबले होते. "मी नगं न्हाई म्हणनार," ते म्हणाले, आणि पुढचं दप्तर घेतलं.

त्यालाही आता वर्ष होत आलं. ते लिहिलेलं पत्र माझ्या मोबाईलमध्ये आहे. मी ते बऱ्याचदा उघडतो, एखादा शब्द इकडचा तिकडं करतो आणि ठेवून देतो. मध्ये वाटलं, निदान हे तरी लिहून काढावं. एवढा सरळ माणूस आमच्यात काम करत होता, लोकांना कळावं. म्हणून लिहायला बसलो. लिहिताना बरं वाटत होतं, लग्नाचं लिहिताना तर हसूही आलं.

तुम्ही वाचलंत, पण त्यांचं नाव तुम्हाला कळलेलं नाही. कंपनीचं नाही, माझंही नाही. म्हाताऱ्या माणसाची अब्रू झाकायला नाव टाळलं असेल असं तुम्हाला वाटेल. त्यांनी काही केलंच नव्हतं, झाकायचं काय? त्यांचं पूर्ण नाव आणि त्याखाली माझी सही, एवढं या कागदावर असतं तर हाच कागद पुण्याला पाठवून तो शेरा पुसता आला असता. मला हे पहिल्या ओळीपासून माहीत होतं, आणि मी सगळीकडं नुसतं चाचा लिहिलं.